तोंडाला लावलेलं गंध

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे आणि मला राग आला आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. जुन्या छत्र्या, जुनी घड्याळं तुम्हाला आपली कहाणी सांगू लागली की त्यांचा गळा दाटून येतो. माझा येणार नाही. मी हवा मोजतो. हवा असेल तशी सांगायची, साखरेत घोळून नाही, एवढाच माझा धर्म. तो मला पाळू दिला नाही, म्हणून हा राग.

माझा जन्म बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यातला. तळहातात मावेल एवढा पांढरा डबा, पाठीवर छापलेलं नाव, कुशीला एक बटण आणि बटणाशेजारी मोहरीएवढा दिवा. समोर रुपयाएवढी गोल जाळी. ती जाळी म्हणजे माझं तोंड म्हणा, नाक म्हणा. तिच्यातून हवा आत येते. आत मी एक प्रकाश टाकतो. तो माणसाला दिसत नाही, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला पितो. किती प्याला, त्यावरून मी आकडा सांगतो. तपासणीवरच्या वासंतीअक्कांनी मला कारखान्याच्या मागच्या अंगणात नारळाखाली नेऊन ठेवलं, तेव्हा माझा आकडा चारशेच्या जरासा वर गेला. मोकळ्या आभाळाखालच्या हवेचा आकडा तेवढाच असतो. "सरी, बरोबर, हा खरं बोलतो," अक्का म्हणाल्या आणि मला खोक्यात ठेवलं. माझी पहिली शाबासकी ती.

तिथून मी आनेकलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत आलो. शाळेनं तिसऱ्या मजल्यावर नवी प्रयोगशाळा बांधली होती. काय तिचा थाट! चकचकीत टेबलं, प्रत्येक टेबलावर टॅब्लेट, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या काचा स्क्रूंनी आवळून टाकलेल्या. एसी होता, पण तो नवी हवा आणत नव्हता. आतली तीच हवा पुन्हा पुन्हा गार करून मुलांच्या तोंडावर मारत होता. शिळी पोळी तव्यावर गरम केली म्हणून ताजी होत नाही, तसंच हे. पण शाळेच्या माहितीपत्रकावर याच खोलीचा फोटो होता.

प्रयोगशाळा सांभाळायचे दत्ता सर. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून यशवंतपुरात. मराठी बोलायचे, पण मध्येच कानडी 'स्वल्प थांब' आणि 'सरी, सरी' यायचंच. हे सर हौशी कीर्तनकार होते. सणावारी मराठी मंडळाच्या सभागृहात त्यांचं कीर्तन असायचं आणि शाळा सुटल्यावर ते आमच्या कपाटापुढे उभे राहून तालीम करायचे. चिपळ्या नसल्या तर दोन मोजपट्ट्या. मित्रांनो, मी रागावलेला असलो तरी खोटं बोलणार नाही. सरांचा आवाज ऐकला की माझ्यासारख्या डब्यालाही आत काहीतरी हलल्यासारखं व्हायचं. पूर्वरंग शांत, भरदार; उत्तररंगात गोष्ट अशी रंगायची की शेजारचा तापमानाचा सेन्सर बॅटरी संपत आली तरी मिटायचा नाही.

आम्हाला टॅब्लेटशी जोडायला शिकवलं तेही सरांनीच, आणि तेही कीर्तनी थाटात. आमच्यात तार नसते. मुलानं माझं बटण दाबलं की माझा दिवा तांबडा लुकलुकतो, टॅब्लेटवर आजूबाजूच्या सगळ्या सेन्सरांची नावं येतात, त्यातलं बरोबर नाव निवडलं की दिवा हिरवा होतो आणि माझे आकडे काचेवर उमटू लागतात. गडबड अशी की नावं एकसारखी, फक्त शेवटची चार अक्षरं वेगळी. मुलं घाईत भलत्याचंच नाव दाबायची. मग खिडकीजवळच्या गटाला बर्फाच्या भांड्याचं तापमान दिसायचं आणि बर्फवाले उकडून निघायचे. सर म्हणायचे, "अरे, आधी पाठीवरचं नाव वाचा, मग हात धरा. नाहीतर वरातीत शिरून दुसऱ्याच्याच नवरदेवाचा हात धराल." वर्ग हसायचा, पण पाठीवरचं नाव वाचायची सवय मात्र लागली.

हवेचा सेन्सर मी एकटाच. महागाचा म्हणून. आणि माझं नाव कधीही न चुकता वाचणारी मुलगी म्हणजे शमिका.

शमिका सातवीतली. दोन वर्षांपूर्वी आईबाबांबरोबर नागपूरहून आलेली. तिला बोलायला फारसं आवडत नसे, पण मोजायला आवडे. हात ओला असताना तापमान किती, फुंकर मारल्यावर किती, डब्यातल्या वरणावर धरलं तर किती. विज्ञान गटात तिचं नाव पहिल्याच दिवशी आलं. हा गट म्हणजे वरच्या प्रयोगशाळेत शिकणारी मुलं. बाकीची खालच्या जुन्या वर्गात, पुस्तकातून.

आणि हीच मुलगी प्रयोगशाळेत झोपायची. सकाळचा लांबलचक जोडतास निम्मा झाला की तिचे डोळे जड होत, कपाळ दुखू लागे, तसं ती सांगायचीही, आणि मान टेबलाकडे झुके. इतरही पेंगायची, पण ती मागे बसायची म्हणून दिसायची नाहीत. ही पुढे बसायची. मग काय, शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव पडलं 'निद्रादेवी'. मुलांनी ते उचललं. मुख्याध्यापिका रक्षिता मॅडमनी वडिलांना बोलावून घेतलं. आशय त्यांचं नाव. मोठ्या कंपनीत नोकरी, कानात सतत कुणाचा तरी फोन. त्यांनी मॅडमना सांगितलं की घरी मोबाइल बघत जागत असेल, मी बघतो. बघितलं मात्र काहीच नाही. मुलगी नऊ वाजता गाढ झोपत होती. मॅडम म्हणाल्या, दसऱ्याच्या सुट्टीनंतर पालकसभा आहे, तोवर सुधारली नाही तर गटातून काढून खाली पाठवू. आशय हो म्हणाले. मुलीला विचारलंसुद्धा नाही.

इथे मला पहिल्यांदा राग आला. खाली उघड्या खिडक्या होत्या, पण प्रयोग नव्हते. वर प्रयोग होते, पण हवा नव्हती. बारा वर्षांच्या पोरीनं यातलं काय निवडायचं? आणि निवडायला तरी कुणी सांगितलं होतं? शिक्षा म्हणून श्वास मिळणार होता!

शमिका रडली नाही. तिनं मला उचललं, बटण दाबलं, पाठीवरचं नाव वाचलं, आणि टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या तोंडापासून लांब ठेवलं. दिवा हिरवा झाला. तास सुरू होताना मी सहाशे सांगितलं. मग हजार. मग पंधराशे. मुलांचे डोळे मिटू लागले तेव्हा मी दोन हजारांच्या पुढे होतो. टॅब्लेटवर रेघ जिन्यासारखी चढत गेलेली. शमिकानं ती सरांना दाखवली आणि म्हणाली की सर, मी झोपत नाही, ही खोली मला झोपवते.

सर हसले. त्यांचा जीव होता या खोलीवर. या खोलीसाठी त्यांनी किती अर्ज केले, किती उंबरे झिजवले, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. ते म्हणाले, "अगं, माझा आवाज या खोलीत घुमतो तसा मंडळाच्या सभागृहातही घुमत नाही. खोली उत्तम आहे. पालकसभेत दाखव हवं तर." त्यांनी ते सहज म्हटलं. तिनं मात्र ते मनावर घेतलं. आठवडाभर रोज मला जोडून ती रेघ साठवत गेली.

आता ऐका आयुधपूजेचं.

बंगळूरची आयुधपूजा तुम्हाला माहीत आहेच. बसला हार, रिक्षाला केळीचे खांब, लेथला कुंकू, संगणकाला फुलं. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्याही प्रयोगशाळेत पूजा झाली. नयनाअक्कांनी रांगोळी काढली. त्या शाळेची साफसफाई बघायच्या. दार सताड उघडं होतं, वारा येत होता, धुपाचा वास होता. आम्हाला सगळ्यांना लाल कापडावर ओळीनं मांडलं. दत्ता सर सोवळं नेसून आले. गंधाची वाटी हातात, मुखी नाव. एकेका सेन्सरला त्यांनी दोन बोटांनी गंध लावलं, वर कुंकू, वर अक्षता. तापमानाच्या सळईला लागलं, तिचं काही बिघडलं नाही. मग माझी पाळी आली. सरांनी माझ्याकडे प्रेमानं पाहिलं. गोल जाळी बघून त्यांना वाटलं असेल, हेच याचं कपाळ. आणि घट्ट, भरपूर, मनापासून गंध माझ्या जाळीवर थापलं.

मित्रांनो, मला पूजेचा राग नाही. मी देव मानतो. ज्या हातांनी माझ्यात तो न दिसणारा प्रकाश ठेवला, त्या हातांमागेही कुणीतरी आहे, असंच मी समजतो. पण मला सांगा, देवळातला पुजारी मूर्तीला गंध लावतो तेव्हा कपाळ बघून लावतो की नाकात भरतो? गंध लावण्याआधी स्नान असतं. देवाला न्हाऊ घालताना त्याचे डोळे, त्याची हनुवटी, त्याच्या बोटांतल्या बेचक्या हाताखालून जातात. पुजारी मूर्तीला ओळखत असतो म्हणून ती पूजा. मला कुणी फडक्यानं एकदा पुसलं असतं तरी बोटाला जाळी लागली असती. नाही पुसलं. थेट गंध. सुट्टीभर ते माझ्या तोंडावर सुकलं, दगड झालं, आणि पूजेच्या दिवशीची दारातून आलेली ती ताजी हवा माझ्या पोटात कोंडून राहिली.

सुट्टी संपली. पालकसभा प्रयोगशाळेतच ठेवली होती. फोटोतली खोली ना ती! सकाळची वेळ, पालकांनी खुर्च्या भरलेल्या, दार लावलेलं. शमिका पुढे आली. तिनं आधी साठवलेली रेघ पडद्यावर दाखवली आणि हळू आवाजात सांगितलं की ही या खोलीची हवा आहे. पालकांत कुजबुज झाली. रक्षिता मॅडम म्हणाल्या की जुने आकडे कशाला, आता मोज की.

शमिकानं मला घेतलं. बटण दाबलं, नाव वाचलं, जोडलं. हिरवा दिवा लागला.

आणि काचेवर आकडा आला चारशे तीस.

मी आतून ओरडत होतो. ही हवा आजची नाही, ही पूजेच्या दिवशीची आहे, माझं तोंड बंद आहे! पण ज्याचं तोंडच बुजवलं त्यानं ओरडायचं कुठून? जोडणी पक्की होती. दिवा हिरवा होता. सगळ्यांनी दिवा बघितला, आकडा बघितला, माझं तोंड कुणीही बघितलं नाही. जे खोटं मी जन्मात बोललो नव्हतो ते माझ्याकडून चारचौघांत बोलवून घेतलं जात होतं, आणि तेही त्या मुलीच्या विरुद्ध.

आशय उभे राहिले. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते. "शमिका, तेव्हा तूच तो तोंडाजवळ धरला असशील. सांग खरं काय ते."

पालकांमधून कुणीतरी हसलं. शमिकाचं डोकं मात्र चाललं. ती म्हणाली, "बरं बाबा. तोंडाजवळ धरला तर काय होतं ते बघा." तिनं मला ओठांशी नेलं आणि पोटातला सगळा श्वास माझ्यावर सोडला. माणसाच्या श्वासानं मी हजारोंनी उडी मारतो. आकडा चारशे तीसच राहिला. तिनं पुन्हा फुंकलं. चारशे तीस. मग तिनं मला वळवून नीट पाहिलं आणि नखानं जाळी खरवडली. पिवळा कपचा निघाला.

"सर, याच्या तोंडात गंध आहे."

मला वाटलं, आता सर समजतील. पण मॅडमनी हात वर केला, पूजेचं गंध असं खरवडून काढू नये म्हणाल्या, आपोआप पडेल तेव्हा पडेल. आणि सर? त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग चारचौघांपुढे आपली चूक कशी मान्य करायची, या विचारानं ताठ झाला. ते म्हणाले की गंधानं कधी काही बिघडतं का, आम्ही वर्षानुवर्षं लावतो. वर म्हणाले की एवढीच शंका असेल तर यंत्र कशाला हवं? "या खोलीत मुलं जेवढा वेळ बसतात तेवढा वेळ मी तुम्हाला बसवून दाखवतो. माझ्यापुढे आजवर कुणी पेंगलेलं नाही. कुणी पेंगलं तर खोली वाईट. सरी?"

पालकांना गंमत वाटली. काहीजण घड्याळ बघत बसले, पण बसले. दार लावलंच होतं. सरांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि सुरुवात केली, अर्धं कन्नड, अर्धं हिंदी, मध्ये मराठी पद. पूर्वरंग सुरेख झाला. लोक माना डोलावत होते. मग त्यांनी त्यांची हुकमी गोष्ट काढली. एका चिक्कू वाण्याची. देवाला लाडवांचा नैवेद्य कबूल करतो आणि मग बायकोला म्हणतो, देवाला वासच पुरतो, लाडू फडताळात ठेव. या जागेवर हमखास हशा पिकतो. मी कपाटातून ऐकलेली तालीमसुद्धा इथे थांबायची, हशाला जागा ठेवायला.

सर थांबले. हशा आला नाही. एक जांभई आली.

जांभई ही साथीसारखी पसरणारी गोष्ट. पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत गेली, तिथून खिडकीकडे. कुणी कपाळ दाबू लागलं. एका आजींनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली, एसी गुणगुणत असताना! सरांनी आवाज चढवला. वरच्या सुरावर त्यांचा श्वास पुरला नाही आणि सूर मध्येच तुटला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, पुन्हा धरला, पुन्हा तुटला. ते खोलीकडे बघू लागले. पन्नासेक माणसं होती, मिटत चाललेले डोळे होते, आणि ज्यांच्या कीर्तनात आजवर कुणी पेंगलं नव्हतं ते दत्ता सर होते.

पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, मान छातीवर टाकून एक गृहस्थ गाढ झोपले होते. बारीक घोरतही होते. शमिकाचे बाबा.

सर गोष्ट अर्धी टाकून खिडकीशी गेले, काचेवर हात फिरवला, आणि मान न वळवता म्हणाले, "नयनाअक्का, स्क्रू ड्रायव्हर आणा."

मॅडम काहीतरी बोलल्या, गारव्याबद्दल. सरांनी ऐकलं नाही. नयनाअक्कांनी आणि त्यांनी मिळून पहिली काच सोडवली. रस्त्यावरचा आवाज आत आला, बसचा हॉर्न आला, भाजलेल्या शेंगांचा वास आला, आणि वारा आला. आशय दचकून जागे झाले. इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"किती वेळ झोपलो मी?" त्यांनी मुलीला विचारलं.

"जास्त नाही, बाबा," शमिका म्हणाली. "मी झोपते तेवढाच."

आशय उठून तिच्याजवळ गेले आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. जिथे रोज दुखायचं, तिथे. सर पुढे आले. सोवळ्यात मला बेधडक गंध थापणारा हा माणूस आज मला हातात धरायला चाचरत होता. त्यांनी शमिकाला नमस्कार केला. तसा, जसा कीर्तन संपल्यावर ते श्रोत्यांना करतात, वाकून. "माझ्या हातानं झालं बाळ," ते एवढंच म्हणाले. शमिका गटात राहिली. काचा आता उघड्या असतात.

मग राग कसला, असं तुम्ही म्हणाल. सगळं गोड झालं की.

नाही झालं. माझी जाळी ओल्या बोळ्यानं पुसली, तेव्हा विरघळलेलं गंध आतल्या पडद्यात उतरलं. मी आता बोलतो, पण अडखळत. खोली कोंदली की पुष्कळ वेळानं सांगतो. आता मला कुणी फारसं जोडत नाही. पण ते माझं दुःख झालं, ते मी सोसेन. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ती मुलगी कितीतरी दिवस सांगत होती की माझं डोकं दुखतं. तिचं कुणी ऐकलं नाही, तिला यंत्राचा पुरावा लागला. यंत्र मुकं झालं तेव्हा मोठ्या माणसाचं घोरणं लागलं. पन्नास पालकांना झोप आली तेव्हा हवा वाईट ठरली; तोवर वाईट होती ती मुलगी.

म्हणून मित्रांनो, मला जपा असं मी आज म्हणणार नाही. मला गंध लावायचं तर लावा, पण आधी हातात घ्या, पुसा, उलटंसुलटं करून बघा, माझं तोंड कुठे आहे ते ओळखा. आणि तुमच्या बाकावरचं कुणी म्हणालं की मला इथे कसंतरी होतंय, तर कृपा करून मला शोधायला कपाटाकडे धावू नका. आधी उठा आणि खिडकी उघडा. आकडा मी मागाहून सांगीन.